थोकोसाठी कोण रडलं

हॅमिल्टनच्या हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवे शोव्हल करत होते. नर्स म्हणाली, तुमची मैत्रीण गेली. मी "बरं, थँक यू" म्हणाले आणि पुन्हा बर्फ उपसायला लागले... डोकंच बधिर झालं होतं. त्याला आता महिना होऊन गेला.

थोको मलावीची. कित्येक वर्षं आमच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहिली. अमेरिकन मालिकांत काम करायची, शूटिंगसाठी बसनं सीमेपलीकडे न्यूयॉर्कला जायची. काम म्हणजे काय, तर कुणाची आया, निर्वासित बाई, नाहीतर पोरगा गमावलेली आई. भूमिकेला धड नावसुद्धा नसायचं मेलं! "आज कोण गं?" विचारलं की म्हणायची, "रडणारी बाई, ताई. दुसरं कोण?" ताई म्हणायला मीच शिकवलं होतं.

एकदा दिग्दर्शकानं फर्मावलं, मुलाच्या प्रेताशी बसून तुझ्या भाषेत रड. हिनं काय करावं? मी बर्फावर घसरले की जे ओरडते तेच ठोकून दिलं, "अगं आई गं, मेले मी!" सेटवर म्हणे सगळे गहिवरले. एपिसोड लागला तेव्हा आमची हसून पुरेवाट झाली. मुलगी तर किंचाळलीच, "आई, शी इज डूइंग यू!"

"स्वतःचे शब्द का नाही वापरलेस?" मी नंतर विचारलं. तिचं हसू मावळलं. "ते शब्द खरंच माणूस गेल्यावर म्हणायचे, ताई. कॅमेऱ्यासाठी नाही. आणि एकटीनं तर नाहीच, सगळ्या बायका जमून म्हणतात." तिची आई वारली तेव्हा ही शूटिंगमध्ये अडकलेली, जाता आलं नाही. परत आली आणि बेसमेंटमध्ये कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. मी वरणभात घेऊन गेले तर म्हणाली, "रडायला माणसं लागतात गं."

मग कॅन्सर निघाला. कामं सुटली. मालिकावाल्यांनी आधी फुलं पाठवली, मग तीही थांबली. शेवटच्या आठवड्यात तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "टीव्हीवर इतक्या जणांसाठी रडले. माझ्यासाठी कोण रडेल?"

"गप गं! काहीतरीच बोलतेस," मी खेकसले.

अंत्यविधीला मी, आमचे हे आणि फ्युनरल होमचा माणूस, बस्स. वादळामुळे रस्ते बंद होते म्हणा... पण रस्ते उघडे असते तरी कोण येणार होतं? मलावीत तिच्या बहिणीला फोन लावला. तिकडे अंगणात बायका जमल्या होत्या. बहिणीनं सूर काढला, मागोमाग सगळ्यांनी. तेच ते शब्द असणार. मला एकही कळला नाही, पण अंगावर काटा आला. मग त्या थांबल्या. बहिणीनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तिथं बायका किती आल्यात?"

मी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "पुष्कळ," म्हणाले. "हॉल भरलाय."

"मग आवाज का येत नाही?"

मी फोन थोकोच्या शवपेटीवर ठेवला आणि हंबरडा फोडला. हे दचकून उठलेच. घसा बसेपर्यंत रडले, एकटीनं, हॉलभर बायकांच्या वाटचं.

फोनमधून बहीण म्हणाली, "हं... आता ऐकू येतंय."