माळाकोळीच्या चढावर थांबणारी पिकअप

नांदेड ते लातूर रस्ता आता चांगला झालाय. माल भरलेला असला तरी चहापाणी धरून चार तास पुरतात. आम्हाला मात्र पाच लागायचे, कारण आमची सीएनजी पिकअप माळाकोळीच्या चढावर हटकून बंद पडायची. गेल्या पावसाळ्यात माझा थोरला भाऊ याच चढावर, गाडी कडेला घेऊन, स्टिअरिंगवरच गेला. तेव्हापासून धंदा वहिनी बघतात, गाडी मी चालवतो आणि दर खेपेला त्या सोबत येऊ लागल्या.

या वेळी निघतानाच त्या म्हणाल्या, "भाऊजी, आज थांबली तर लातूरलाच इकून टाकू. तुमचे दादा गाडी थांबवून काय सांगून राहिले, मला कळंना. पण जाऊ द्यायला तयार न्हाईत."

घर याच गाडीवर चालतं.

धर्माबादची मिरची भरून सातला निघालो. लोह्याला पोहे खाऊन घ्या, गरम असतात. पुढे धुकं इतकं दाटलं की समोरचा ट्रक फक्त ऐकू येत होता. चढ लागला, गाडी धक्के देऊ लागली, आणि रेडिओतलं गाणं विरून टक, टक असा आवाज सुरू झाला, कुणी आतून काचेवर बोट वाजवावं तसा. नेहमीच्या पांढऱ्या दगडाशी इंजिन बंद पडलं.

"आले," वहिनी शांतपणे म्हणाल्या आणि दाराकडे सरकून बसल्या. आमच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

गाडी वळवून उतारावर सोडली ती थेट पायथ्याच्या गॅरेजात. गनीभाई मेकॅनिकने बॉनेट उघडलं, एक काळी घोंगडी आणली आणि सेल मारायला सांगितलं. इंजिन कसंबसं सुरू झालं. "आता डोकं आत घाला. हात लावू नका," म्हणत त्याने ती घोंगडी आमच्यावर धरली. भर दिवसा आत मिट्ट काळोख. त्या काळोखात प्लगच्या वायरीवरून निळी ठिणगी उडत होती. टक. टक. रेडिओतलाच आवाज. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"वायर फुटली हाय. करंट बाहेरच पळून राहिला, रेडिओत तोच वाजतो," गनीभाई म्हणाला. "सपाटीला चालून जातं. चढावर लोड येतो, त्यात ही ओल. सीएनजीला तर ठिणगी लई जोराची लागते." मग गंजलेला प्लग काढून त्याने विचारलं, "इथं पाणी कोण टाकतं?"

"नारळाचं," वहिनी म्हणाल्या. "दर अमावस्येला. त्यांची छाती याच चढावर बंद पडली, म्हणून गाडीच्या छातीवर."

गनीभाईने प्लग फडक्याने पुसला. "ताई, नारळ बंपरवर फोडा. इंजिनावर न्हाई."

चार प्लग आणि वायरींचा सेट दोन हजारांच्या आत बसला. लांब जाणाऱ्यांनी हे सामान सोबत ठेवावंच. चढ पुन्हा लागला तेव्हा गाडी एकदाही अडखळली नाही, रेडिओही गात राहिला. पांढरा दगड मागे धुक्यात जाईपर्यंत वहिनी मान वळवून बघत होत्या.

मिरची उतरवून संध्याकाळी घरी आलो. मी किल्ली हातात देताना त्यांनी विचारलं, "म्हणजे ते कधी आलेच नव्हते का, भाऊजी?"

गाडी वाचली याचा आनंद आहे, पण वहिनींकडून दादाला एकदा मरणाने नेलं आणि दुसऱ्यांदा मी, हे काही केल्या मनातून जात नाही. त्यानंतर लातूरच्या खेपेला त्या एकदाही आल्या नाहीत.