पाच अक्षरी ब्रूमे

ब्रूमे पहिल्यांदा मास्तर त्सेयींच्या दारात उभा राहिला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पण त्याचा देह दारात असा काही गच्च बसला की घरात अंधार झाला, अंगणातल्या कोंबड्या संध्याकाळ झाली समजून खुराड्यात गेल्या आणि मास्तरांच्या बायकोने सवयीने कंदील पुसायला घेतला. ही हकीकत मास्तर सांगतात. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला थोडी अतिशयोक्ती माफ असते.

ब्रूमे आला होता फ्रिज दुरुस्त करायला. मास्तर ओट्याशेजारी स्क्रॅबलचा पट मांडून पाऊण तास सात अक्षरांकडे बघत बसले होते. फ्रिजमध्ये कमरेपर्यंत शिरलेल्या ब्रूमेने आतूनच विचारलं, "मास्तर, तो क्यू किती दिवस सांभाळणार? त्याला काय पेन्शन लागू करायचीय?" आणि डोकं बाहेर न काढता त्याने पाच अक्षरांचा एक शब्द सांगितला. मास्तरांनी तो जन्मात ऐकला नव्हता.

"याचा अर्थ काय?"

"अर्थ विचारायला मला काय त्याच्या घरी सोयरीक करायचीय?"

ब्रूमे सहावी नापास. पण क्यू असलेले, झेड असलेले, एकही नेहमीचा स्वर नसलेले असे पाच अक्षरी इंग्रजी शब्द त्याला गावातल्या फ्रिजांसारखे पाठ होते. सात-आठ अक्षरी शब्दांना तो नावं ठेवायचा. "लांब शब्द म्हणजे लांबलचक घर. दारं जास्त, चोर जास्त. पाच अक्षरं लावा, गप दार लावून घ्या." वॉरी शहराच्या स्क्रॅबल क्लबात या धोरणाला पुढे सगळेच शरण गेले.

क्लब भरायचा ओकेरे रोडच्या एका खानावळीमागे, आंब्याखाली, दर गुरुवारी. क्लबाची एकुलती एक डिक्शनरी ब्रूमेने हौसेने घरी नेली आणि त्यातले सगळे पाच अक्षरी शब्द पेन्सिलीने वहीत उतरवून काढले. तो डिक्शनरी परत करणार, तेवढ्यात वाळवीने ती ए पासून झेडपर्यंत वाचून संपवली. तेव्हापासून ब्रूमेची वही हीच क्लबाची डिक्शनरी झाली. ब्रूमेच्या शब्दावर हरकत घेतली, तर निकाल ब्रूमेच्याच वहीत बघायचा. हरकत चुकली, तर हरकत घेणाऱ्याने सगळ्यांना थंड मॉल्ट, म्हणजे बाटलीतलं ते गोड काळं पेय, पाजायचं. मास्तरांनी एकाच महिन्यात दोनदा पाजलं.

"मास्तर, तुम्ही शाळेत नक्की इंग्रजीच शिकवायचात ना?" खानावळवाल्या मामा एजिरोने (तिकडे आईला मामा म्हणतात) बाटल्या मोजताना विचारलं. "का सुतारकाम?"

त्यानंतर मास्तर हरकत घ्यायचे बंद झाले. म्हणूनच ब्रूमेने एका गुरुवारी 'क्वोल्ट' लावला तेव्हा त्यांचा हात अर्धा वर गेला, कान खाजवून खाली आला. वहीत शब्द होता. मामा एजिरोने मुद्दाम विचारलं, "मास्तर, याचा अर्थ तरी येतो का?"

"येतो की," मास्तर म्हणाले, आणि खानावळीच्या बंद पडलेल्या फ्रिजकडे बघून त्यांनी ठोकून दिलं. "वरून धडधाकट, आतून थंडावा नाही, अशा वस्तूला क्वोल्ट म्हणतात."

सहा महिन्यांत शब्द बाजारात पोचला. बायका ब्रूमेला निरोप धाडू लागल्या, "आमचा फ्रिज क्वोल्ट झालाय, येऊन जा." मामा एजिरो तर स्वतःच्या नवऱ्यालाही क्वोल्ट म्हणायची. बांगा सूप नावाच्या पामफळांच्या कालवणात उकडलेल्या स्टार्चचा गोळा बुडवता बुडवता मास्तर हे ऐकत, आणि घास घशात अडकला तरी खोकत नसत.

मग राज्याच्या स्क्रॅबल संघाची निवड राजधानीत, असाबाला ठरली. सहा जण घेणार होते. ब्रूमेने वर्षभर दुसरं काही बोलणं सोडलं होतं. संघाचा हिरवा कोट त्याने शिंप्याकडे मापासहित सांगून ठेवला. "आधी निवड तरी होऊ दे," मास्तर म्हणाले. "कोट मोठा आहे, मास्तर," ब्रूमे म्हणाला, "शिंप्याला वेळ लागतो."

शेवटचा डाव आगबोर गावच्या न्कीरू नावाच्या औषधवाल्या बाईंशी पडला. जिंकला तर संघात, हरला तर घरी, इतका साधा हिशेब. ब्रूमे पुढे होता. खेळ संपत आला होता. त्याने पाच सोंगट्या उचलल्या आणि तिप्पट गुणांच्या घरापर्यंत क्वोल्ट मांडला. बेचाळीस गुण. मागे उभ्या मास्तरांनी तोंड उघडलं, पण खेळाडूशी बोलायला मनाई होती.

बाईंनी हळूच हात वर केला. "हरकत."

"घ्या, घ्या," ब्रूमे प्रेमाने म्हणाला. "मला मॉल्ट थंड लागतं हं, बाई."

पंचांनी नवीकोरी, जाडजूड डिक्शनरी उघडली. बोट खाली गेलं, वर आलं, परत खाली गेलं. "नाही."

"छापायचं राहिलं असेल."

"क्वोल आहे," पंच म्हणाले. "शेवटी दोन एल. ऑस्ट्रेलियातलं कसलंसं जनावर आहे."

ब्रूमेने सोंगट्या परत घेतल्या. पाळी गेली. उरलेल्या दोन खेळ्यांत बाईंनी त्याला गाठलं आणि सात गुणांनी मागे टाकलं. हात मिळवून झाल्यावर ब्रूमेने पिशवीतून वही काढली. क्यूचं पान उघडलं. दोन एलपैकी दुसऱ्यावर पेन्सिलीची एक आडवी रेघ ओढली गेली होती, भाताच्या शिताएवढी. त्या रेघेने एलचा टी केला होता.

"पण मास्तर, अख्खी वॉरी बोलते. त्याला अर्थ आहे. तुम्हीच सांगितलात."

"अर्थ मी बनवला होता," मास्तर म्हणाले. "पहिल्याच दिवशी मला संशय आला होता, ब्रूमे. मॉल्टला भ्यालो."

ब्रूमेने वही मिटली. मग हसू दाबता दाबता त्याचं पोट हलायला लागलं. "म्हणजे शब्द माझा, अर्थ तुमचा. बघा मास्तर, इंग्रजांना निरोप पाठवा, म्हणावं, एक आमच्याकडून घ्या."

पहिले सहा जण संघात गेले. ब्रूमे सातवा आला.