बॅगेतली कुकरची जागा

उघड्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध गोल खळगा दिसतोय. आमच्याकडे बॅग अशीच भरतात, आधी कुकरची जागा सोडून. माझ्या मोठ्या दिरांना बाहेरचं जेवण चालत नाही. त्यामुळे प्रत्येक सहलीत सगळे समुद्रावर जायचे आणि मी खोलीवर मुगाची खिचडी लावायची. आजवर मी समुद्र कुकरच्या शिट्ट्यांमधूनच ऐकला.

यंदा अंदमानची सहल ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी शोधून शोधून खोलीत शेगडी पेटवायला सक्त मनाई असलेलं हॉटेल घेतलं, तेही एका लहानशा बेटावर. बेटाचं हे मला फार आवडतं. चहूकडे पाणी असतं, त्यामुळे ताटावरून रुसून उठलेल्या माणसाला जायला जागाच नसते.

सूडही खिचडीसारखाच मंद आचेवर शिजतो. फक्त त्याची शिट्टी होत नाही.

"कुकर घेतलास ना गं?" भाऊजींनी बाहेरून विचारलं.

"जागा ठेवलीय, भाऊजी."

मग त्या खळग्यात मी माझी नवी, उन्हाची गोल टोपी ठेवली. अगदी मापात बसली.