डब्याच्या बुडाची इस्त्री

माझी मावशी तीस वर्षं इस्त्री करते. तिचं दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर चारपदरी घोंगडी आणि हात भरून येईल अशी जड इस्त्री. गिऱ्हाईक ती चेहऱ्यावरून नाही, कॉलरवरून ओळखते. पदवीदान समारंभाआधी गावातल्या पोरांचे झगे तिच्याकडेच येतात. दर वर्षी शेवटचा झगा हँगरला लावताना ती म्हणायची, "एकदा आमच्या घरचा येऊ दे."

या वर्षी आला, पण परदेशात. मावशीच्या मुलीला, म्हणजे आमच्या ताईला, तिथल्या विद्यापीठाची पदवी मिळायची होती. मावशीला घेऊन जायचं आणि हॉटेल ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मावशीने बॅगेत आधी इस्त्री भरली होती, कपडे नंतर. ती मीच बाहेर काढायला लावली. हॉटेलच्या प्रत्येक खोलीत इस्त्री आहे, असं मी मोठ्या अधिकाराने वाचून दाखवलं.

जाहिरातीतले फोटो बहुधा माझ्या जन्माआधीचे असावेत. गालिच्याचा मूळ रंग फक्त पलंगाखाली शिल्लक होता, आणि पलंग असा की बसलं की गुडघे कानाला लागावेत. कपाट उघडलं तर दार हातातच आलं. इस्त्री होती, तिला वायर नव्हती. काउंटरवरचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, वायर दुरुस्तीला गेलीय. कधी गेली ते त्यांनाही आठवेना.

मावशीने ती बिनवायरची इस्त्री हातात तोलून पाहिली आणि जागेवर ठेवली. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मैत्रिणीला घेऊन आली. समारंभ दोन वाजता होता. झगा पाकिटातून काढला तर अंगभर घड्यांच्या चौकटी, थेट गणिताची वही. ताई म्हणाली, आई, राहू दे, भाड्याचा आहे, इथे सगळे असाच घालतात.

"सगळ्यांची आई इस्त्रीवाली नसते," मावशी म्हणाली.

खोलीत धड चालणारी वस्तू एकच होती, पाणी उकळायची किटली. मावशीने प्रवासातल्या खाण्याचा स्टीलचा डबा घासला, बुडावरून अंगठा फिरवून पोचा नाही ना ते पाहिलं. कपाटाचं दार दोन खुर्च्यांवर आडवं टाकून वर ब्लँकेट अंथरलं. डब्यात उकळतं पाणी, झाकण घट्ट, कापडावर ओला रुमाल. पाणी कोमट झालं की दुसरं ओतणं, ही माझी शिक्षा. मी चाचरत म्हणालो, खरी इस्त्री असती तर लवकर झालं असतं.

"ती घाईत लावली असती तर जळला असता. पॉलिस्टर आहे, बोटाला कळतं. तुझ्या हॉटेलने वाचवलं बघ."

मैत्रीण डोळे मोठे करून पाहत होती. तिने ताईला काहीतरी विचारलं, तसा माझा किटलीवरचा हात थांबला. शाळेत असताना ताई मैत्रिणींच्या घरी कपड्यांचं गाठोडं पोचवायला कधी जात नसे, मलाच पिटाळायची. आता मात्र ती आधी त्यांच्या भाषेत बोलली, मग तेच आईला कळावं म्हणून आपल्या भाषेत म्हणाली, "आमच्या गावात हिचा हात लागल्याशिवाय एकही झगा स्टेजवर चढत नाही."

मावशीने मान वर केली नाही, पण डबा एकाच जागी जरा जास्त वेळ राहिला. मैत्रिणीने पिशवीतून आपला झगा काढला. मावशीने घड्याळ पाहिलं.

"होईल म्हणावं. पण माझ्या हिशेबाने, मध्ये लुडबुड नको."

दुपारी सभागृहात शे-दीडशे गणिताच्या वह्या ओळीने बसल्या होत्या. ताईचं नाव पुकारलं, ती चढली, आणि तिच्या पाठीवर एक रेघ नव्हती. मावशीने शेजारच्या अनोळखी बाईंना कोपराने ढोसलं. भाषेचं तिचं काही अडलं नाही. आधी बोटाने झगा दाखवला, मग स्वतःचे दोन्ही हात दाखवले, आणि मुलगी सगळ्यात शेवटी.