दोनशेतीनचा पाढा

मंचरला बाजार समितीच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर प्रतिभाताईंचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि भिंतीला चिकटवलेली एक्केचाळीस नावांची यादी. या एक्केचाळीस वेबसाईट ताई सांभाळतात. द्राक्षांच्या रोपांची नर्सरी आहे, दोन भजनी मंडळं आहेत, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, मंगलमावशींचं वधू-वर मंडळ आहे. सगळ्या एकाच भाड्याच्या सर्व्हरवर, चाळीत बिऱ्हाडं राहावीत तशा. सर्व्हर कुठं असतो असं कुणी विचारलं की ताई म्हणतात, "मुंबईकडं कुठंतरी. मी बी बघितला न्हाई. पण माझं ऐकतो."

अवसरी बुद्रुकची ही पोरगी बारावी झाल्या झाल्या एस.टी. स्टँडसमोर इंटरनेट कॅफे टाकून बसली होती. मॉडेम जोडताना व्हायचा तो आवाज, टर्रर्र, किंईई, खर्रर्र, ताई आजही हुबेहूब काढतात. दहावीच्या निकालाच्या दिवशी दारात चपलांचा ढीग लागायचा. "ताई, आधी माझा नंबर!" "ए, मी सकाळपासून उभाय, राव!" आता निकाल ज्याच्या त्याच्या खिशात लागतो. दारात चपला नसतात.

तर, यंदाच्या मार्चमध्ये सर्व्हरवाल्या कंपनीचा फोन आला. "मॅम, आपका आयपी ॲड्रेस चेंज हो रहा है, थर्टी फर्स्ट शाम छह बजे तक का टाइम है, हॅव अ नाइस डे!" बाई इतकी गोड बोलली की घर खाली करायला सांगतीय हे ताईंना फोन ठेवल्यावर कळलं.

आयपी ॲड्रेस म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता. माणसं साईटचं नाव टाकतात, पण यंत्राला नाव कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या नावाचा आकडा कुठला हे सांगणाऱ्या डायऱ्या जगभर पसरलेल्या असतात, आणि एकदा विचारलेला आकडा त्या दिवसदिवस पाठ करून बसतात. आकडा अचानक बदलला तर लोक जुन्या दारावर धडका मारत राहणार आणि साईट बंद पडली म्हणून ताईंच्या नावानं बोटं मोडणार. चौदा वर्षांत ताईंची एकही साईट एक मिनिटही बंद पडली नव्हती.

पण बिऱ्हाड कसं हलवायचं हे ताईंना ठाऊक होतं. स्टँडसमोरचं दुकान या गल्लीत आणलं तेव्हा महिनाभर त्यांनी दोन्ही गाळे उघडे ठेवले होते. सकाळी तिकडं बसायचं, दुपारी इकडं. जुन्या गाळ्यात आठवडाभर कुणी फिरकलं नाही, तेव्हा कुठं तिथल्या शटरला कुलूप लागलं. इथंही तेच. आधी डायऱ्यांना बजावलं, पाठांतर बंद, दर पाच मिनिटांनी मला विचारायचं. दोन दिवस तसेच जाऊ दिले. मग सर्व्हरला जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा दिला. घर एक, दारं दोन. नव्या दारानं एकेक साईट स्वतः उघडून पाहिली आणि मगच डायरीत आकडा बदलला.

तिसऱ्या दिवशी मंगलमावशींचा फोन. "काय गं, ते बदलणार व्हतीस ना?"

"झालं की, मावशी. परवाच."

"अगं बया! मग आमाला कसं काय कळलं न्हाई?"

"कळलं न्हाई, हीच तर माझी मजुरी."

चाळीस साईट नव्या दारानं सुरळीत येऊ-जाऊ लागल्या. एक्केचाळिसावीची माणसं मात्र जुन्याच दारावर. रोज दहा-बारा. कुणी चाकणहून, कुणी रांजणगावहून, आणि ती माणसं नाव टाकतच नव्हती. थेट आकडा टाकत होती.

ती साईट आणे गावाजवळच्या पठारावरच्या एका वस्तीशाळेची. ताईंनी स्कूटी काढली आणि तिथल्या गुरुजींकडं गेल्या.

रामदास गुरुजी ओट्यावर शेंगा निवडत होते. शाळा मुलं कमी म्हणून केव्हाच बंद झालेली. उरली होती ती साईट, त्यात वर्गाचे फोटो, सहलीचे फोटो, आणि मुलांनी निरोप लिहायचं एक पान.

"गुरुजी, तुमची पोरं आकड्यानं का येत्यात? नाव हाय की आपलं, पठारशाळा डॉट इन."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "साईट केलीस तवा काय म्हणाली व्हतीस? 'नाव मिळायला महिना लागंल गुरुजी, तवर हा आकडा घ्या.' घेतला. पोरांकडनं पाठ करून घेतला." आणि त्यांनी हाताची छडी करून, मान डोलवत, सुरात म्हणून दाखवला. "दोनशेतीन टिंब शून्य! एकशेतेरा टिंब पंचेचाळीस! बाविसाच्या पाढ्यानंतर रोज. नाव आलं तवर पोरांच्या हाडात बसला व्हता."

ताईंनी कपाळाला हात लावला. जगातल्या सगळ्या डायऱ्यांचं पाठांतर त्यांनी मोडलं होतं. हे कसं मोडणार?

"एकतीसला संध्याकाळी सहानंतर तो आकडा आपला राहणार न्हाई, गुरुजी. पोरांना फोन करून सांगा."

"तिसांना करतो. एकतिसाव्याला कुठं करू?"

एकतिसावा गोरख. बाप गेल्यावर सोळाव्या वर्षी ट्रकवर गेला, तो परतला नाही. फोन नाही, पत्ता नाही. कुणी म्हणे सुरतेला असतो, कुणी म्हणे कांडल्याला. दोन वर्षांपूर्वी मात्र साईटच्या निरोपांत एक ओळ उमटली होती, 'गुरुजी मी गोरख. बरा आहे.' तेवढीच. तो आकडा हाच त्याचा वस्तीवर यायचा रस्ता.

ताईंनी टोपलीतली एक शेंग फोडली. मग म्हणाल्या, "जुन्या दारात पाटी लावू. तुमी सांगा काय लिहायचं."

गुरुजींनी क्षणभरही विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी जुना आकडा टाकणाऱ्याला शाळा दिसेना, हे दिसू लागलं: 'बाळांनो, शाळेचा आकडा बदलला. आता नावानं यायचं. खालच्या चौकटीत स्वतःचं नाव लिहून पठारशाळा डॉट इन पाच वेळा लिहा. नंतरच आत जा. आपले, रामदास गुरुजी.'

चोवीस-पंचवीस वर्षांचे बाप्ये, कारखान्यातले सुपरवायझर, दोन लेकरांची एक आई, सगळ्यांनी निमूट पाच-पाच वेळा लिहिलं. एकानं तर खाली टीप टाकली, 'गुरुजी, अक्षराला मार्क द्या.' लिहिलेलं सगळं पाटीखाली दिसायचं, ते बघून गुरुजी जुन्या हजेरीवहीत खुणा करत बसले. रोज सकाळी ताईंना फोन. "अठ्ठावीस झाले." "तीस झाले, पोरी."

एकतीस तारीख उजाडली. जुन्या दारावर आता कुणी नव्हतं. म्हणजे, एक जण होता. दर दहा मिनिटांनी, आण्याहूनच.

"गुरुजी, तुमीच बघताय ना सारखं?"

"मग काय करू? वर्ग सुटल्याबिगर मास्तर घरी जातो व्हय?"

चार वाजले. पाच वाजले. ताईंनी चहा मागवला, तो निवला. कंपनीला शब्द टाकून बघितला. "सॉरी मॅम, शार्प सिक्स." साडेपाचला वीज गेली, ताईंनी पिशवीतला लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडला आणि पडद्यावरची नजर काढली नाही.

पाच अठ्ठेचाळीसला चौकटीत अक्षरं उमटली. गुजरातकडून. गोरख. पठारशाळा डॉट इन. पठारशाळा डॉट इन. पठारशाळा डॉट इन. मिनिटभरानं नव्या दारानं, नावानं, तो आत शिरला आणि सहलीच्या फोटोंवर जाऊन थांबला.

ताईंनी फोन लावायच्या आत गुरुजींचाच आला.

"बघितलंस?"

"बघितलं, गुरुजी."

"तीनदाच लिहिलंय! पाच सांगितलं व्हतं ना? पयल्यापासनं असाच. निबंध दिला की निम्म्यावर सोडायचा, चित्र काढायला सांगितलं की..." पलीकडून नुसता वहीची पानं उलटल्याचा आवाज.

घड्याळात पाच त्रेपन्न.

"गुरुजी, करू का बंद?"

"थांब जरा. तो अजून फोटो बघतोय का?"

"बघतोय. पण तो नव्या दारानं आत हाय. जुनं लावलं तरी त्याला कळणार न्हाई."

"मग कर," गुरुजी म्हणाले. "हळू कर."