हँडलवरचे हात

कोणतंही चित्र दाखवा, आमच्या नववीतली पोरं उभी राहून एकच सांगायची: 'हे एका खेड्याचे चित्र आहे. खेड्यात झाडे आहेत. मला हे चित्र फार आवडते.' एकदा मी सोन्याच्या दुकानाची जाहिरात दाखवली, तर तिच्यातही एकाला खेडं सापडलं. दोष त्यांचा नव्हता. चित्रवर्णन गाइडात छापलेलं असतं आणि पोरं लहानपणापासून ते पाठ करत आलेली. डोळे मिटूनही पूर्ण गुण मिळत असतील तर उघडायचे कशाला?

मी नांदुऱ्याहून एसटीनं या शाळेत यायचे. मराठी शिकवायचे, आणि चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरलीच नाही म्हणून तो तासही माझ्याच गळ्यात पडला. तालुक्याच्या एका प्रशिक्षणात चित्रवाचन कसं घ्यायचं ते सांगितलं होतं. बाकीचे शिक्षक जेवणाची सुट्टी कधी होते ते बघत होते, मी मात्र ते तीन प्रश्न घेऊन घरी आले. चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतं? बरोबर की चूक ते बाईंनी सांगायचं नाही. एक जण बोलला की बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं, आणि पटलं नाही तर 'मले तसं वाटत नाई, कारण' असं म्हणून पुढे बोलायचं. 'कारण' सांगितल्याशिवाय खाली बसायचं नाही, हा नियम माझा स्वतःचा.

सुरुवातीला नुसता वैताग होता. "काऊन बे, गाय नाई दिसून राह्यली तुले?" "कारण सांग ना!" "कारण मले दिसून राह्यली!" अशी भांडणं व्हायची. मग हळूहळू जमायला लागलं. लग्नाचे अल्बम, बियाण्यांच्या पिशव्या, शेगावहून आणलेली कॅलेंडरं, सगळं वर्गात यायला लागलं. पिशवीवरचा हसरा शेतकरी बघून एक पोरगा म्हणाला, "याचे नखं पाहा मॅडम. हा कवाच वावरात गेला नाई." त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी एकटीच हसत होते.

एक मुलगी मात्र बोलत नसे. तिच्या घरी भाजीपाल्याची शेती, वडील वांगी-मेथी बाजारात नेऊन विकायचे. ती सगळं नीट बघते हे मला तिच्या चित्रांवरून कळायचं. तिनं काढलेल्या बैलगाडीच्या चाकाला वंगणाचा डागही असायचा. पण उभं केलं की मान खाली. या पोरीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एकदा तरी स्वतःच्या तोंडानं सांगावं, एवढंच मी त्या वर्षी मनाशी धरलं होतं. शाळा सुटल्यावर तिला कोण विचारणार होतं, तुला काय दिसतं म्हणून?

घरात लावलेलं एखादं चित्र आणा, असं सांगितलं तेव्हा ती पेपरातलं एक कात्रण घेऊन आली. लॅमिनेशन केलेलं. आदल्या वर्षी शाळेत मुलींना सायकली वाटल्या होत्या, त्याचा फोटो होता. वाटपाचा फोटो आमच्याकडे कसा काढतात ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वस्तू एक, आणि जेवढे मान्यवर तेवढे हात तिच्यावर. संस्थेचे अध्यक्ष, त्यांचे बंधू, आमचे मुख्याध्यापक, शिवाय आणखी कोण कोण. सगळ्यांनी हँडल धरलेलं, सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते.

ती कात्रण धरून फळ्यापाशी उभी राहिली. मी विचारलं, "काय चाललंय?"

"अध्यक्षायले सायकल भेटून राह्यली," मागून एक जण म्हणाला. वर्ग खदाखदा हसला.

"कशावरून?"

"कारण त्यायचेच हात हायेत हँडलले."

"मले तसं वाटत नाई," दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "कारण सायकल लेडीज हाय. पोरीलेच देऊन राह्यले असतीन. पण मंग पोरगी कुठी हाय?"

पोरं बाकांवरून उठून पुढे आली, वाकून शोधायला लागली. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "हे पाहा," म्हणून तिनं बोट ठेवलं. अध्यक्षांच्या कोपरामागून लाल रिबिनीचं एक टोक दिसत होतं. "हे मी हाय."

हसू थांबलं.

"बाबानं हे भिंतीले लावलं," ती म्हणाली. "बाबा येईल त्याले दाखवते, पोरीचा फोटो पेपरात आला म्हणून. मी बाबाले काई बोलली नाई. पण सायकल माही हाय, फोटो त्यायचा हाय."

"कारण?" कुणीतरी सवयीनं विचारलं.

"कारण मी तिथं नसती तरी फोटो असाच आला असता."

इतक्या वर्षांच्या नोकरीत वर्गात असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. मला भरून आलं, आणि ते मी लपवलंही नाही. नोकरीचं सार्थक झालं वगैरे लोक म्हणतात, तसं मलाही वाटलं. फार टिकलं नाही ते.

कुठल्या पोरानं घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, शाळेत आपल्या फोटोची टिंगल चालते, असं अध्यक्षांच्या कानावर गेलं. मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. "मॅडम, चित्र वाचाले सांगतलं व्हतं. मान्यवरायले वाचाले कोणं सांगतलं?"

पोरगी एक शब्दही खोटं बोललेली नाही, असं मी म्हणाले.

"खोटं असतं त सोडून देल्लं असतं," ते म्हणाले, तेही चिडून नाही, अगदी समजावणीच्या सुरात.

मग तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. बाजार अर्धा टाकून ते आले. डोक्याचा रुमाल काढून हातात धरलेला. "लेकरू हाय सायेब, चुकलं तिचं." तिचं काही चुकलेलं नाही, असं मी मध्येच म्हणाले, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्यांच्या लेकीला आगीत लोटलं. मुख्याध्यापकांनी कात्रण टेबलावर ठेवलं.

"सांग बेटा, याच्यात कोण कोण हाय?"

तिनं प्रत्येकाचं नाव घेतलं, प्रत्येकाला साहेब लावून.

"आन तू? तू दिसतेस का नाई?"

तिनं वडिलांकडे पाहिलं.

"सांग ना वं," वडील म्हणाले. "दिसते म्हण."

"दिसते," ती म्हणाली.

माझाच तास त्यांनी माझ्यासमोर ऑफिसात घेतला. कशावरून, तेवढं कुणी विचारलं नाही. हँडल धरणाऱ्या त्या माणसांचा मला आजही राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

कहर पुढेच होता. शाळेत चित्रवाचनाचा उपक्रम चालतो, असं याच मुख्याध्यापकांनी वर कळवलेलं. जिल्ह्याहून साहेब पाठ बघायला येणार होते. उत्तरं आधी सांगायची असतील तर मी पाठ घेणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. मुख्याध्यापक ठीक आहे म्हणाले, आणि तो पाठ विज्ञानाच्या सरांना दिला. मग रोज मधल्या सुट्टीत तयारी. कुठल्या बाकाला चित्रात काय दिसणार ते ठरलं. मतभेदसुद्धा वाटून दिले. खिडकीकडच्या रांगेनं सहमत व्हायचं, भिंतीकडच्या रांगेनं 'मी आदरपूर्वक असहमत आहे' म्हणायचं. कात्रण आणणाऱ्या त्या मुलीला सगळ्यात मोठं उत्तर पाठ करायला दिलं. झालं गेलं विसरून तिला संधी दिली, असं मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये सांगत होते.

पाठाच्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर बसले. ती उभी राहिली आणि शुद्ध पुस्तकी मराठीत, कुठेही न अडखळता, सगळं म्हणून गेली. साहेब खूश. "ग्रामीण भागातली मुलं इतकी मोकळेपणानं बोलतात!" टाळ्या झाल्या, पोहे झाले, चहा झाला.

दुसऱ्या दिवशी तास माझा होता. मी नवं चित्र नेलं: रेल्वेच्या फलाटावर गाठोड्यावर बसलेली एक म्हातारी, तिच्या बाजूला चहाचे दोन कप. मी तिलाच विचारलं, काय चाललंय?

ती लगेच उभी राहिली. मान वर. चित्राकडे तिनं पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, याच्यात काय दिसाले पायजे?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला आनंदच झाला असता. मी वर्गाकडे पाहिलं, तर उत्तर उतरवून घ्यायला सगळ्यांनी वह्या उघडल्या होत्या.