एकोणसाठ बिया

सिस्टरांना सगळी इमारत सिस्टर म्हणते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण कुणाचं बोट कापलं, कुणाला ताप भरला की पहिली बेल अजून त्यांच्याच दारावर वाजते. त्यांचे यजमानही त्यांना सिस्टरच म्हणतात. स्वतःच्या बायकोला सिस्टर म्हणणारा माणूस म्हणून त्यांची जी थट्टा व्हायची ती चाळीस वर्षांत होऊन होऊन विझली. यजमान लिफ्टचे मिस्त्री. अजूनही सकाळी कारखान्यात जाऊन नव्या पोरांना शिकवतात आणि दुपारी दोनला घरी येतात. बोलणं कमी, कान तिखट. इमारतीची लिफ्ट वर येताना नुसती ऐकून तिला कुठे दुखतंय ते सांगतात.

सिस्टरांची नोकरी ऑपरेशन थिएटरमधली. चौतीस वर्षं. कापायचं काम सर्जनचं, मोजायचं सिस्टरांचं. पोट उघडण्याआधी गॉझच्या, म्हणजे रक्त टिपायच्या कापडाच्या, घड्या किती, चिमटे किती, सुया किती हे मोजायचं, शिवण्याआधी पुन्हा मोजायचं आणि आकडा जुळेपर्यंत टाका घालू द्यायचा नाही. एकदा एका बड्या सर्जनला त्यांनी वीस मिनिटं तसंच ताटकळत ठेवलं होतं. त्याला विमान गाठायचं होतं. त्याने आवाज चढवला, वर तक्रार करीन म्हणाला, पण सिस्टर ढिम्म. हरवलेली घडी शेवटी त्याच्याच बुटाखाली निघाली. ही गोष्ट सिस्टर फार चवीने सांगतात. अलीकडे जरा जास्तच वेळा सांगतात, एकाच माणसाला एकाच आठवड्यात दोनदासुद्धा.

तर अशा बाईने घरी चेरीचा पाव करायचा म्हटल्यावर तो कसा होणार ते दिसतंच आहे. चेऱ्यांचा हंगाम जेमतेम महिनाभराचा, आणि त्या महिन्यात हा पाव दर शुक्रवारी ठरलेला. त्याला केक म्हटलेलं त्यांना खपत नाही. यात यीस्ट नाही, पीठ फुगायची वाट बघणं नाही. मैदा, बेकिंग पावडर, अंडी, लोणी, थोडं दही, आणि कालवायचं ते मोजून बारा वेळा, जास्त घोटलं तर पाव चिवट होतो. चेऱ्या मात्र थिएटरच्या शिस्तीत. धुऊन, पुसून स्टीलच्या ताटात पाच-पाचच्या ओळी. बारा ओळी, साठ चेऱ्या. मग नोकरीतला जुना वाकडा चिमटा देठाकडून आत घालून बी बाहेर. बिया दुसऱ्या ताटात, त्याही पाच-पाच. साठाला साठ जुळले की मगच चेऱ्या पिठात.

या शुक्रवारच्या पावाचं मात्र निराळं होतं. सिस्टरांची मुलगी दुसऱ्या गावी असते. तिला दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं आणि चार वर्षांच्या लेकीला ती आजी-आजोबांकडे ठेवणार होती. त्या दोघी संध्याकाळच्या गाडीने येणार होत्या. सिस्टरांनी आठ दिवस आधीच नातीसाठी छोटी खुर्ची आणली होती, उशी उसवून लहान केली होती. सकाळी मिस्त्री कामावर गेले की दोनपर्यंत घरात आजी-नात दोघीच असणार होत्या. त्या तासांची सिस्टर एखाद्या शाळकरी मुलीसारखी वाट बघत होत्या, आणि त्याच तासांची त्यांना धास्तीही वाटत होती.

कारण गेलं वर्षभर त्यांच्या डोक्यातून काहीतरी निसटत होतं. शेजारणीला इंजेक्शन द्यायला म्हणून निघाल्या आणि जिन्यात उभ्या राहिल्या, वर जायचं की खाली ते कळेना. गॅसवर दूध ठेवून त्या फिरायला गेल्या होत्या. कपाटाच्या आतल्या बाजूला त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, मिस्त्रींना दिसणार नाहीत अशा उंचीवर. मिस्त्री त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आहेत, तेव्हा त्या कुणापासून लपल्या असतील ते देव जाणे. सिस्टरांनी मनाशी एक ठरवून टाकलं होतं, की मोजणी शाबूत आहे तोवर आपण शाबूत आहोत. मोजणी चुकली तर त्याच दिवशी मुलीला सांगायचं, हेही ठरवलं होतं. तसा दिवस उगवेल असं मात्र धरलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळचं आवरून बाराच्या सुमारास त्यांनी चेऱ्या मांडल्या, साठ मोजल्या, बिया काढायला घेतल्या. निम्म्यावर बेल वाजली. खालचा शिंपी अंगठ्यात सुई घुसवून घेऊन आला होता. त्याची मलमपट्टी केली, त्याला दोन शब्द सुनावले, परत येऊन उरलेल्या बिया काढल्या, चेऱ्यांना पीठ चोळलं, कालवलं, टिनमध्ये ओतलं, टिन ओव्हनमध्ये सारला. ओव्हनचं दार लावल्यावर त्यांचं लक्ष बियांच्या ताटाकडे गेलं. बिया मोजल्याच नव्हत्या. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

त्यांनी मोजल्या. अकरा ओळी आणि चार. पुन्हा मोजल्या, चष्मा पुसून मोजल्या. एकोणसाठच भरल्या. मग त्यांनी बेसिनची जाळी उघडली, चोळामोळा झालेलं फडकं झटकलं, एप्रनचे खिसे उलटे केले, शेवटी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली हात फिरवला. तोवर ओव्हनमधून लोण्याचा नि चेऱ्यांचा वास सुटला होता आणि पाव मस्त वर येत होता, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

पन्नास मिनिटांनी काडी खुपसून पाहिली, ती कोरडी निघाली. सिस्टरांनी टिन बाहेर काढला तेवढ्यात मिस्त्री आले. पावाची पाठ मधोमध उकलली होती आणि फटीतून लाल रस बुडबुडत होता. मिस्त्रींनी कौतुकाने मान डोलावली. सिस्टर म्हणाल्या, हा फोडायचा आहे, एक बी कमी आहे, पोरीच्या घशात अडकली तर काय करायचं? मिस्त्रींनी सुचवून पाहिलं, की एखादी चेरी सिस्टरांनीच आधी तोंडात टाकली असेल.

"थिएटरमध्ये कुणी गॉझ खातं का?" सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्री हात धुऊन आले. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि दोघं समोरासमोर बसली. असा पाव तासभर निववायचा असतो, पण सिस्टरांना दम धरवेना. त्यांनी गरम पावाचे लचके तोडले. मिस्त्री बोटांवर फुंकर घालत घालत घास-घास कुस्करत होते. सिस्टर प्रत्येक चेरी चिमटीत धरून दाबून बघत होत्या.

बी सापडावी असं सिस्टरांना जीव तोडून वाटत होतं. सापडली तर मोजणी बरोबर, साठ ते साठच, नुसता हात चुकला. हात कुणाचाही चुकतो. पण नाही सापडली, तर चेऱ्या मुळात साठ नव्हत्याच, किंवा त्यातली एक त्यांनी खाल्ली होती आणि खाल्ल्याचं त्यांना आठवत नव्हतं. दोन्हींचा अर्थ एकच. आणि हे विचारायचं कुणाला, चेऱ्या मोजताना त्या एकट्याच तर होत्या.

अर्धा पाव झाला, पाऊण झाला. सिस्टरांचा चेहरा उतरत चालला. मिस्त्री पाणी प्यायला म्हणून उठले, ओट्यापाशी जाऊन भांडंभर पाणी प्यायले, परत येऊन बसले. दोन घास कुस्करले आणि म्हणाले, "ही बघ. सापडली."

त्यांनी बी सिस्टरांच्या तळहातावर ठेवली. सिस्टरांनी डोळे मिटले. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. नात डोळ्यांपुढे आली, छोटी खुर्ची आली, दोनपर्यंतची सकाळ आली. मग त्यांना कळलं की बी गार आहे.

पाव अजून बोटांना चटके देत होता आणि त्यातून निघालेली बी गार होती, ओलसर होती, कच्चा लाल गर तिला चिकटलेला होता. सिस्टरांनी ओट्यावरच्या बियांच्या ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. मिस्त्री खाली मान घालून, आधीच कुस्करलेला घास पुन्हा कुस्करत होते. चाळीस वर्षांत या माणसाची एक थाप कधी पचली नव्हती, आणि तरी त्याने आज मारून बघितली. सिस्टरांना त्याचा राग आला आणि त्याच्या केसांवरून हात फिरवावासाही वाटला.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी हातातला घास कागदावर ठेवला. "गेल्या उन्हाळ्यापासून. तुझ्या पावात दोन बिया निघाल्या होत्या."

"मग? काय केलंत त्यांचं?"

"गिळल्या."

सिस्टरांना हसू फुटलं आणि त्यातच रडूही आलं. मिस्त्री आता भराभर बोलू लागले, माणूस बोलायला लागला की त्याला थांबवणं कठीण. गुडघा दुखतो असं सांगून ते वर्षभर अर्धा दिवसच काम करत होते ते खोटं होतं, गुडघा ठणठणीत होता. रोज रात्री गॅसचं बटण तेच बघत होते. आता दोन महिने ते पूर्ण रजा घेणार होते, नातीजवळ चोवीस तास थांबणार होते, मग मुलीला सांगून तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा? ती लेकीला घेऊन उलट्या पावली परत जाईल, आणि पुन्हा कधी ठेवणार नाही.

सिस्टरांना नेमकी याचीच भीती होती. हो म्हणणं फार सोपं होतं. समोरचा माणूस उरलेलं सगळं आयुष्य बिया गिळायला तयार होता. त्या छोट्या खुर्चीकडे बघत त्या मिनिटभर बसल्या, मग हात पुसले आणि मुलीला फोन लावला.

मुलगी बॅग भरत होती. पलीकडे नात एक चप्पल सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेत होती. सिस्टरांनी आढेवेढे न घेता सगळं सांगितलं, चेऱ्यांचं, दुधाचं, जिन्याचं, चिठ्ठ्यांचं. थिएटरमधला आकडा सांगावा तसं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तिला ठेवायची की नाही ते तू ठरव. मी रडेन, पण रागावणार नाही."

 मग मुलीने विचारलं, बाबांना माहीत आहे का. सिस्टर म्हणाल्या, आहे, आणि ते दोन महिने घरी राहणार आहेत. मुलीने नाक ओढलं. सोमवारी, मी निघायच्या आधी, तुला डॉक्टरांकडे नेणार, म्हणाली, त्यात वाद नको. सिस्टरांनी वाद घातला नाही.

"आणि आई, तिला मी ठेवते तुझ्याकडे," मुलगी म्हणाली. "बाबा घरी आहेत म्हणून नाही. तू सांगितलंस म्हणून."

 सिस्टरांनी फोन मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्री खिडकीशी जाऊन गाडीची वेळ विचारत राहिले, एकदा सांगितली तरी पुन्हा विचारत राहिले. सिस्टर टेबलाशी बसल्या आणि चुऱ्यातला एक मोठासा तुकडा उचलून त्यांनी तोंडात टाकला. पाव छान झाला होता.